वाया गेलेली तार कोणाच्या खात्यावर?

पहाटे साडेपाच

डिसेंबरात माझा दिवस फोनने सुरू होतो. हरभरा फुलावर आलेला असतो, पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. शेतीच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची वीज असली, की चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यातला शेतकरी थंडीत, अंधारात वावरात जातो. आमच्याकडे रात्री वावरात जाणं साधी गोष्ट नाही. २०२०च्या ऑक्टोबरात आरटी-१ हा वाघ जेरबंद झाला, तोवर या बाजूच्या गावांनी रात्री कशा काढल्या ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. एवढा जीव मुठीत धरून गेल्यावर कळतं, की एक फेज गेलेली आहे. मोटार नुसती घुरघुरते, स्टार्टर वेळेवर पडत नाही, आणि उजाडेपर्यंत आतलं वाइंडिंग जळून काळं होतं.

"मिस्त्री, मोटर गेली जी. आज भेटन का?"

"आज नाही होत. भरून रात्रभर पाण्यात ठेवावी लागते. उद्या दुपारी न्या."

तो गप्प होतो. उद्या दुपारी म्हणजे आणखी एक रात्र पाण्याविना. त्याची अडचण मला कळते, पण रात्रभर पाण्यात न ठेवता दिलेली मोटार आठ दिवसांत परत येते आणि बोअरमधून पुन्हा पाइप ओढायचा खर्च त्याच्याच डोक्यावर बसतो.

सकाळी आठ

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान राजुऱ्यात आसिफाबाद रोडला आहे. शटर वर करायच्या आधी दोन्ही पोरं पायरीवर बसलेली असतात.

एक जिवतीकडचा, कोलामांच्या गुड्यावरचा. आठवी पास, नववीत शाळा सुटली. गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. दुसरा चुनाळ्याचा, बी.ए. झालेला, माझ्याकडे येऊन सहा महिने होत आले. पदवीनंतर त्याने वनरक्षकाचा फॉर्म भरला, पोलिसाचा भरला, तलाठ्याचा भरला. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते, त्यातला एक त्याचा. वडिलांनी कापूस विकून फी भरली, चंद्रपुरात खोली करून दिली, क्लास लावून दिला. शेवटी एक दिवस ते स्वतःच त्याला घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "याले हाताचं काही शिकवा मिस्त्री."

पदवीच्या तीन वर्षांत या पोराच्या हातात एकदाही हत्यार कोणी दिलं नाही. पहिल्या दिवशी तो सिरीज लॅम्पच्या टोकांना हात लावायला घाबरत होता. मला त्याचा राग आला नाही. पोरगा हुशार आहे, वाचतो, हिशेब चोख ठेवतो. त्याला कोणी काही करायला दिलेलं नव्हतं, एवढंच.

सकाळी नऊ

फोनवरची मोटार आली. पाच हॉर्सपॉवरची सबमर्सिबल, चोवीस खाचांची. आतलं जुनं पाणी ओतून दिलं, त्याला जळका वास होता. बुश पाहिले, थ्रस्ट बेअरिंगचा कार्बन पाहिला, तो ठीक होता.

मोटार उघडली की पहिलं काम कात्रीचं नाही, वहीचं. खाचा किती, एका कॉइलला फेरे किती, तार कोणत्या गेजची, पिच काय, जोडणी कशी, हे सगळं जुनं वाइंडिंग कापायच्या आधी वहीत उतरवायचं. आम्ही त्याला डाटा म्हणतो. एकदा तार कापून काढली की कंपनीने काय केलं होतं ते पुन्हा कळायला मार्ग नाही. माझ्याकडच्या वहीत गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या मोटारी आहेत, आणि काही डाटा असे आहेत की ज्या कंपन्यांनी त्या मोटारी बनवल्या त्याच आता उरलेल्या नाहीत. जिवतीकडच्या पोराला ही वही जवळजवळ पाठ आहे. त्याचं अक्षर कच्चं आहे, पण आकडा कधी चुकत नाही.

मोनोब्लॉक मोटार भरणं त्या मानाने सोपं. इनॅमलची तार, खाच वरून उघडी, फॉर्म्यावर कॉइल गुंडाळायची, खाचेत बसवायची, वरून बांबूची कामटी सरकवून तोंड बंद करायचं आणि वार्निश द्यायचं. बांबू आमच्याकडे चांगला मिळतो, ही या मुलखाची देणगी. सबमर्सिबल मोटार मात्र पाण्यातच चालते, तिच्या पोटातही पाणीच असतं. म्हणून तिची तार प्लॅस्टिकच्या वेष्टनातली, आणि खाचेतून एकेक फेरा सुईत दोरा ओवावा तसा ओवायचा. हे काम एकट्याचं नाही. स्टेटर मधे, एका तोंडाशी एक माणूस, दुसऱ्या तोंडाशी दुसरा. एकाने सारायची, दुसऱ्याने ओढायची, मग त्याने परत सारायची. दोघांनी मोठ्याने फेरे मोजायचे.

शिकणाऱ्याला बसवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. उस्तादाचा ताण तारेतून थेट त्याच्या हाताला कळतो. किती ओढायचं, कुठे थांबायचं, कुठे तार खाचेच्या कडेला घासते आहे, हे तोंडाने सांगून होत नाही. मी ते सांगून पाहिलं आहे, फळ्यावर काढून पाहिलं आहे. पोराला समोर बसवून शे-दोनशे फेरे ओढू दिले की ते त्याच्या बोटांना समजतं.

आज मी जिवतीकडच्याला उस्तादाच्या जागी बसवलं आणि चुनाळ्याच्याला समोर. मी बाजूला बसून दुसऱ्या मोटारीचे बेअरिंग काढत राहिलो.

सकाळी अकरा

तार खरचटली.

चुनाळ्याच्याने जरा जोरात ओढली, खाचेच्या धारेला वेष्टन कापलं गेलं. त्याला कळलं नाही. समोरच्याला कळलं. त्याने बोट फिरवलं, थांबला आणि म्हणाला, "भाऊ, इथं लागली."

चार खाचा भरून झाल्या होत्या. वेष्टनाला केसाएवढी चीर असली तरी मोटार पाण्यात गेल्यावर तिथून करंट बॉडीला उतरतो. जोड देऊन, टेप गुंडाळून भागवणारेही आहेत, पण खाचेच्या आत जोड टिकत नाही. भरलेलं सगळं काढलं. वाया गेलेली तार काट्यावर ठेवली. तांबं महाग आहे. भंगारात गेली तर त्यातलं काही परत येईल, सगळं नाही. शिवाय दोन माणसांचे दोन तास.

चुनाळ्याचा म्हणाला, "भाऊ, माझ्या पगारातून कापा."

मी नाही म्हणालो. पोर शिकतं आहे म्हणजे ते तार वाया घालवणारच. प्रश्न एवढाच, की ती कोणाच्या खात्यावर टाकायची. या दुकानात ती माझ्या खात्यावर पडते. मला ती जड जाते, महिन्याच्या शेवटी दिसते. पण मी शिकलो तेव्हाही ती कोणीतरी सोसलीच होती.

मी आयटीआय केलं, वीजतंत्री. मग नव्वदच्या दशकात या पट्ट्यातल्या एका मोठ्या कारखान्यात एक वर्ष अप्रेंटिस होतो. तिथल्या मोटार विभागात आम्हा पोरांसाठी वेगळं टेबल होतं, जुन्या मोटारी होत्या, त्या पुन्हा पुन्हा उघडायच्या, भरायच्या, जाळायच्या. आमचे फोरमन स्वतः हेल्पर म्हणून लागलेले. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून ते सांगत, की हे बेअरिंग पंधरा दिवस चालेल, ते आजच बदला. पोरांनी घालवलेल्या तारेबद्दल त्यांनी कोणाचा पगार कापलेला मला आठवत नाही. त्या टेबलाचा खर्च कारखाना करत होता, आणि आम्ही पुढे त्यालाच उपयोगी पडू असा त्यामागे हिशेब असावा.

वर्ष संपलं, आमची अख्खी बॅच बाहेर आली, नवी बॅच आत गेली. मग मी ठेकेदाराच्या हजेरीवर त्याच गेटमधून आत जाऊ लागलो, त्याच मोटारी भरू लागलो. काही वर्षांनी ते टेबलही निघालं. जळालेल्या मोटारी बाहेर कामाला देणं स्वस्त पडतं असं कोणीतरी ठरवलं. त्यातल्या काही मोटारी फिरत फिरत आज माझ्या दुकानात येतात.

दुपारी साडेबारा

तार पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मी दोघांच्या मधे बसलो. वेग कमी ठेवला.

हात चालू असताना डोकं मोकळं असतं, म्हणून हा हिशेब इथेच सांगतो. आपल्या देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१चा आहे, १ मार्च १९६२पासून लागू झालेला. ज्यांच्याकडे तीस किंवा त्याहून जास्त माणसं आहेत, त्यांनी आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे, ही आजची सक्ती आहे. कंत्राटी माणसंही त्यात मोजायची. २०१९च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये आणि पदवीधराला ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. २०२५च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. कागदावर पाहिलं तर कायदा भक्कम आहे.

पण त्याच कायद्यात लिहिलं आहे, की शिकाऊ हा कामगार नव्हे. आणि शिकून झाल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या खटल्यात सांगितलं, की बाकी सगळं सारखं असेल तर त्या संस्थेत शिकलेल्या उमेदवाराला थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं. रेल्वेने आपल्या कारखान्यांत शिकलेल्यांसाठी लेव्हल-एकच्या भरतीत २० टक्के जागा ठेवल्या. बल्लारशाह जंक्शन इतकं जवळ, तेव्हा आमच्याकडच्या पोरांना हे ठाऊक असतं आणि त्यासाठी ती धडपडतात. बाकी ठिकाणी काय होतं ते मी सांगितलं: वर्षभर कमी पैशांत काम करून घ्यायचं, मग दुसरी बॅच. असं असेल तर ती माणसं शिकलीच पाहिजेत असं कोणालाच वाटत नाही. माझ्या माहितीतली किती पोरं अप्रेंटिसशिपचं वर्ष झाडलोट, फाइली वाहणं आणि गेटपास लिहिण्यात काढून परत आली आहेत.

आणि माझं दुकान? कायद्याने चारपेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणाला शिकाऊ ठेवताच येत नाही. चार ते एकोणतीसवाल्यांना ऐच्छिक. आम्ही तिघं. म्हणजे जिवतीकडचा इथे तीन वर्षं जे शिकला, ते सरकारच्या दृष्टीने शिकणंच नव्हे.

दुपारी दीड

डबे उघडले. राजुऱ्याच्या कोर्टात वकिली करणारे एक स्नेही घरच्या पंपाची मोटार घ्यायला आले होते, तेही बसले. सकाळचा तारेचा प्रकार ऐकून त्यांनी एक खटला सांगितला, तो मी त्यांच्याकडून नीट समजून घेतला.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये ड्यूक पॉवर कंपनीचं कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं, डॅन रिव्हर नावाचं. तिथे काळ्या माणसांना फक्त मजूर विभागात ठेवत. त्या विभागातला सगळ्यात जास्त पगार इतर विभागांतल्या सगळ्यात कमी पगारापेक्षाही कमी होता. १९६४ला वंशावरून भेद करायला कायद्याने बंदी आली. मग कंपनीने अट घातली, की मजूर विभागातून कोळसा हाताळणीत किंवा आणखी कुठे जायचं तर हायस्कूल पास असल्याचं प्रमाणपत्र हवं, नाहीतर चाचण्या द्या. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं असे गोरे कामगार आधीपासून त्या विभागांत होते, चांगलं काम करत होते, बढत्या मिळवत होते. विली ग्रिग्ज आणि त्याचे सोबती कोर्टात गेले. १९७१च्या मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की ज्या अटीचा त्या कामाशी संबंध दाखवता येत नाही आणि जी एका समाजाला बाहेर ठेवते, ती अट चालणार नाही, मग घालणाऱ्याचा हेतू काहीही असो.

मी जिवतीकडच्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून भाकर मोडत होता. कोळसा हाताळणी म्हणजे काय ते आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नदीपलीकडे चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र, अलीकडे सास्ती, पौनी, गौरीच्या खाणी. इथल्या गेटवर कातडीचा रंग विचारत नाहीत, हे खरं. पण दहावी, बारावी, डिप्लोमा, डिग्री अशी अट एकेक पायरी वर चढवत नेली की कोण बाहेर राहतो ते पाहा. डोंगरातल्या गुड्यावरचं पोर बाहेर राहतं, ज्याची शाळा सातवी-आठवीनंतर दूर गेली. कोलाम, गोंड, परधान, आणि दरवर्षी कापसावर कर्ज काढणाऱ्याचा धाकटा मुलगा.

वकील म्हणाले, "आपल्याकडे असा खटला कोणी लढला तर बरं होईल." मला वाटतं, लढायला हवा. पण त्याआधी काम अडवणारी अट कोणती आणि कामासाठी लागणारी कोणती हे वेगळं करायला हवं. हाय व्होल्टेजवर काम करणाऱ्याला परवाना लागलाच पाहिजे, तिथे मी एक पायरीही कमी करू देणार नाही. आमच्या धंद्यात माणसं मेलेली मी पाहिली आहेत. माझं म्हणणं त्या अटींबद्दल आहे, ज्या फक्त अर्जांचा ढीग कमी करायला घातलेल्या असतात.

दुपारी तीन

एका कारखान्याच्या ठेकेदाराची गाडी आली. दहा हॉर्सपॉवरची ब्लोअरची मोटार, सोबत एक तरुण इंजिनिअर. नागपूरहून पदवी घेतलेला, सव्वीस-सत्तावीसचा. मोटार तापते, का ते कळत नाही. त्याने ते सरळ सांगितलं, त्याबद्दल मला आदर वाटला.

जिवतीकडच्याने मोटार हाताने फिरवली, मग तिन्ही फेजचा रेझिस्टन्स घेतला, मग मागचं झाकण काढलं. आधी कोणीतरी भरताना एका कॉइलगटाचं कनेक्शन उलटं दिलं होतं. मोटार चालत होती, पण जास्त करंट खात होती. पोराने ते वीस मिनिटांत काढलं. इंजिनिअर खाली बसला आणि विचारू लागला, "तुला कसं कळलं?" दोघं अर्धा तास स्टेटरवर वाकून बसले होते. पोरगा बोटाने दाखवत होता आणि तो वहीत आकृती काढत होता. मग त्याने पोराला तीच गोष्ट आकृतीवरून समजावली, पोल कसे तयार होतात, उलट्या गटाने काय बिघडतं. पोराच्या चेहऱ्यावर मी असा आनंद क्वचित पाहिला आहे. जे त्याचे हात तीन वर्षं करत होते, त्याचं कारण त्याला आज मिळालं.

चहा घेताना इंजिनिअर मोकळा झाला. त्याला ट्रेनी म्हणून घेतलं, पण दोन वर्षं तो एक्सेलमध्ये रिपोर्ट भरतो, परमिट फाडतो, ठेकेदाराची हजेरी तपासतो. मोटार उघडलेली त्याने आज पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. त्याच्या वडिलांनी शिक्षणाला कर्ज काढलं आहे, त्याचा हप्ता तो भरतो.

पदवीवाल्याला नोकरी मिळते आणि अनुभववाल्याला मिळत नाही, एवढ्यावर हे थांबत नाही. पदवीवाल्यालाही शिकवायला कोणी उरलेलं नाही. शिकवण्याचा खर्च कारखान्याने आपल्या खात्यावरून काढला आणि तो चार वर्षांच्या फीच्या रूपाने घरच्या माणसांच्या खात्यावर गेला. कॉलेजने कागद दिला, पण ते टेबल, जिथे मोटार पुन्हा पुन्हा जाळता येते, ते कॉलेजातही नाही आणि कारखान्यातही नाही.

हे फक्त आमच्या पट्ट्यात घडतं असंही नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लोकांनी २०१७ साली अमेरिकेतल्या जाहिराती तपासल्या. उत्पादन विभागातल्या सुपरवायझरच्या ६७ टक्के जाहिरातींत पदवी मागितली होती, आणि त्या जागेवर आधीपासून काम करणाऱ्यांत पदवीधर होते १६ टक्के. बाकीची माणसं ते काम कुठे शिकली असतील? जिथे माझे फोरमन शिकले तिथेच.

संध्याकाळी पाच

मोटारीचं भरणं संपलं. टोकं दोरीने आवळून बांधली, जोड वॉटरप्रूफ टेपने बंद केले. बांधणी मी स्वतः केली, तेवढी अजून पोरांवर सोडत नाही.

चुनाळ्याच्याचा मोठा भाऊ त्याला न्यायला आला. तो वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणीत, डंपर चालवतो. दोन एकरांमागे एक नोकरी, हा हिशेब खाणीच्या गावांतल्या पोरांना पाढ्यासारखा पाठ आहे. त्यांची काही जमीन खाणीत गेली, एक नोकरी मिळाली, ती थोरल्याला. धाकट्याला शिकवलं.

मी या भावाला बरेचदा पाहतो आणि दर वेळी एकच गोष्ट मनात येते. तो बारावी नापास आहे. जमीन गेली तेव्हा त्याने बैल आणि फार तर ट्रॅक्टर हाकलेला होता. आज तो घराएवढा डंपर खाणीच्या तळातून वर आणतो, पावसाळ्यात, रात्रपाळीत. हे त्याला कोणी शिकवलं? खाणीनेच. आधी मजूर म्हणून घेतलं, मग मशीनवर बसवलं. खाणीत नव्या माणसाला शिकवल्याशिवाय कामावर उतरवता येत नाही, १९६६च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी ते बांधून दिलं आहे. त्यासाठी प्रशिक्षण केंद्रं आहेत, आमची पोरं त्यांना व्हीटीसी म्हणतात. मग पुढे जुन्या ऑपरेटरच्या शेजारी बसायचं.

म्हणजे या तालुक्यात हे झालेलं आहे. जमिनीपायी का होईना, खाणीला शेतकऱ्यांची पोरं आहेत तशी घ्यावी लागली, घेतल्यावर शिकवावी लागली, आणि ती शिकली. कोटीच्या घरातली यंत्रं आज त्यांच्या हातात आहेत. जे लोक सांगतात, की इथल्या पोरांत स्किल नाही म्हणून बाहेरून माणसं आणावी लागतात, त्यांनी एकदा सास्तीच्या रस्त्याला उभं राहून डंपर कोण चालवतो ते पाहावं.

थोरला म्हणाला, "हा किती दिवसात तयार होईन, भाऊ?"

"दोन वर्षं धर. याचं डोकं चांगलं आहे, हात यायचा आहे."

धाकट्याने सकाळी घालवलेल्या तारेबद्दल मी काही बोललो नाही. त्याने स्वतःच घरी सांगितलं असेल.

संध्याकाळी सात

मोटारीत पाणी भरून ती ड्रममध्ये सोडली. आता मेगरने इन्सुलेशन एकदा पाहायचं आणि उद्या सकाळी पुन्हा. सकाळीही आकडा टिकला तरच मोटार जाईल. चुनाळ्याचा घरी गेला. जिवतीकडचा आठवडाभर दुकानामागच्या खोलीत राहतो, त्याने भात टाकला.

मी त्याला विचारलं, "परीक्षा देतोस का?"

अनुभवी कारागिराला खासगी उमेदवार म्हणून आयटीआयच्या अखिल भारतीय परीक्षेला बसता येतं. वीजतंत्रीला दहावी लागते, तारतंत्रीला आठवी चालते. माझ्या दुकानाचा अनुभवाचा दाखला लागेल. तो म्हणाला, "लिहिता येईन का मले?" लिहिणं मी करून घेईन, आणि आजचा तो इंजिनिअर नंबर देऊन गेला आहे, रविवारी थिअरी शिकवायला येईन म्हणाला आहे. त्याने शब्द पाळला तर या पोराला जे मिळेल, ते मी कधीच देऊ शकलो नसतो. पंधरा वर्षांपूर्वी मी मोठ्या कारखान्यात काम पाहायला गेलो असतो तर माझा हात पाहून मला घेतलं असतं. या पोराचा हात कोणी पाहणारच नाही, आधी ऑनलाइन फॉर्म त्याला परत पाठवेल. म्हणून कागद घ्यावाच लागेल.

रात्री साडेआठ

वकिलांनी दुपारी आणखी एक गोष्ट दाखवली होती. शिकाऊ कायद्यातच अशी सोय आहे, की काही मालक एकत्र येऊन, पोरांना एकमेकांच्या ठिकाणी फिरवून प्रशिक्षण देऊ शकतात. राजुऱ्यात मोटार भरणारे आहेत, लेथवाले आहेत, ट्रॅक्टरचे गॅरेजवाले, वेल्डिंगवाले आहेत. प्रत्येकाकडे दोन-तीन पोरं. वेगळे राहिलो तर आम्ही कोणीच कायद्यात बसत नाही. एकत्र आलो तर मंजुरी मागता येईल. आठवड्यातले दोन दिवस पोरांनी इथल्या सरकारी आयटीआयमध्ये थिअरी करायची आणि बाकीचे दिवस दुकानात. शेवटी देशभर चालणारं प्रमाणपत्र. वाया जाणाऱ्या मालाचा काही भाग सरकारने भरावा, अशीही मागणी अर्जात घातली आहे. कायद्यात बसणाऱ्या आस्थापनांच्या विद्यावेतनात सरकार २५ टक्के वाटा उचलतं, कमाल १,५०० रुपये. तोच वाटा आमच्याकडच्या पोरांनाही मिळावा.

अर्ज शिकाऊ उमेदवारीच्या सल्लागारांना करायचा आहे. तीन सह्या आज रात्री झाल्या. लेथवाल्याने नाही म्हटलं.

"सर्टिफिकेट भेटलं का पोट्टे निघून जातीन, बाप्पा. शिकवा आपण अन् नेईन कंपनी."

त्याची भीती खरी आहे. माझ्याकडूनही चार पोरं अशी गेली आहेत, आणि प्रत्येक वेळी मोसमाच्या मधे. पण त्याच्याकडे राजुऱ्यातलं एकच मोठं लेथ आहे, शाफ्ट आणि बुश सगळ्यांचे तोच करून देतो. तो नसेल तर अर्जात दम राहत नाही. उद्या सकाळी मेगर लावून झालं, की दुकान पोरांवर सोडून पुन्हा त्याच्याकडे जाणार आहे.